कायदा कोणी मोडला? टूसॉनचे चर्च आणि सीमेवरचे निर्वासित

१/२४
२४ मार्च १९८२. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या टूसॉन शहरात ‘साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्च’च्या दारात वार्ताहर जमले होते. चर्चबाहेर स्पॅनिश भाषेतील दोन फलक लावले होते. हे मध्य अमेरिकेतील पीडितांसाठी देवाचे अभयस्थान आहे, असे एकावर म्हटले होते. इमिग्रेशन खात्याने त्याचे पावित्र्य भंगू नये, असे दुसऱ्यावर बजावले होते. चर्चचे पाळक जॉन फाइफ यांच्यासोबत चेहरा झाकलेला एक साल्वाडोरी निर्वासित होता. कागदपत्रे नसलेल्या अशा निर्वासितांना आपली मंडळी यापुढे उघडपणे आश्रय देणार आहे, असे फाइफ यांनी देशाच्या ॲटर्नी जनरलना पत्राने कळवले होते.

२/२४
त्या पत्रात दोन विधाने शेजारी शेजारी होती. असा आश्रय देणे हा स्थलांतर कायद्याच्या एका कलमाचा भंग आहे, हे त्यात मान्य केले होते. सरकारचे धोरण १९८० च्या निर्वासित कायद्याचा आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करते, हेही त्यातच म्हटले होते. ख्रिस्ती नीती आणि स्थलांतर यांची चर्चा निघाली की ती बहुधा ‘दया की कायदा’ अशा दोन पारड्यांत तोलली जाते. टूसॉनच्या मंडळींनी पुढील काही वर्षांत ही मांडणी बदलली. कायदा नेमका कोणी मोडला, हा प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे आणि स्वधर्मीयांपुढेही ठेवला. हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

३/२४
सुरुवात पवित्र शास्त्रापासून करावी लागते. जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे की, देशात राहणाऱ्या परक्यावर जुलूम करू नये, त्याला देशवासीयासारखे वागवावे; कारण मिसर देशात इस्राएल लोकही परकेच होते. तेथील मूळ हिब्रू शब्द ‘गेर’ असा आहे. कुळाच्या जमिनीत ज्याचा वाटा नाही आणि पाठीशी ज्याचे भाऊबंद नाहीत, असा वस्तीला आलेला माणूस म्हणजे गेर. मराठी गावगाड्याच्या परिभाषेत सांगायचे, तर मिरासदारांच्या गावातला उपरी. जमीन आणि गोत हेच ज्या समाजात संरक्षण होते, तेथे गेर उघडा पडे. म्हणूनच विधवा आणि अनाथ यांच्या जोडीने त्याचा उल्लेख वारंवार येतो.

४/२४
नव्या करारात ही आज्ञा अधिक व्यक्तिगत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात ख्रिस्त स्वतःला भुकेला, तहानलेला, कैदी आणि परका यांच्या जागी ठेवतो. परक्याला दार उघडले की नाही, हा तेथे निवाड्याचा एक निकष आहे. बालपणी येशूच्या कुटुंबाला हेरोद राजाच्या भयाने मिसरात पळावे लागले, ही कथाही त्याच शुभवर्तमानातील. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत पाहुण्याचे स्वागत ख्रिस्त समजून करण्याची सूचना आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात स्थलांतराची गणना माणसाच्या हक्कांमध्ये केली.

५/२४
मात्र त्याच परंपरेत दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यसत्तेच्या अधीन राहण्यास सांगतो. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी प्राचीन इस्राएलच्या नियमांचे विवेचन करताना वाटसरू, वस्तीला आलेला आणि समाजात पूर्णपणे सामील होऊ इच्छिणारा असे परक्यांचे तीन प्रकार केले. तिसऱ्याला नागरिकत्व लगेच न देता काही पिढ्यांनी देण्यामागे समाजहिताचे कारण आहे, असे ते म्हणतात. सीमांचे नियमन हे राज्याचे कर्तव्य मानणारे ख्रिस्ती लोक आजही या दोन आधारांकडे वळतात. त्यांना केवळ निर्दय म्हणून बाजूला सारले, तर हा वाद समजत नाही.

६/२४
अभयस्थानाची कल्पनाही शास्त्रातलीच. ‘गणना’ या पुस्तकात अजाणता हत्या घडलेल्या माणसाला सूडापासून वाचवण्यासाठी शरणपुरांची तरतूद आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे ‘शरणपूर’ हे नाव तोच अर्थ सांगते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आसरा मिळाला होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चमध्ये शिरलेल्या गुन्हेगाराला चाळीस दिवस हात लावता येत नसे. तो हक्क तेथे सतराव्या शतकात रद्द झाला. अमेरिकेच्या कायद्याने तर तो कधी मान्यच केला नाही. साउथसाइड चर्चच्या भिंतींना कायदेशीर कवच नव्हते, आणि फाइफ यांना ते पुरते ठाऊक होते.

७/२४
आता १९८० च्या मार्च महिन्यातील दोन तारखा पाहू. १७ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी निर्वासित कायद्यावर सही केली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सबळ भीती ज्याला आहे तो निर्वासित, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या अमेरिकेने त्या कायद्याने स्वीकारली. कोणत्या देशातून आला, यापेक्षा कशाला भिऊन आला, हे महत्त्वाचे ठरणार होते. त्यानंतर एकाच आठवड्याने, २४ मार्च रोजी, एल साल्वाडोरच्या राजधानीत आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थनाविधी चालू असताना गोळी घालून हत्या झाली. आदल्याच दिवशी त्यांनी सैनिकांना दडपशाही थांबवण्याचे आवाहन केले होते. टूसॉनच्या घोषणेसाठी निवडलेला दिवस हा रोमेरो यांचा दुसरा स्मृतिदिन होता.

८/२४
एल साल्वाडोरमधील यादवी युद्ध १९९२ पर्यंत चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली. शेजारच्या ग्वाटेमालात १९६० पासून १९९६ पर्यंत चाललेल्या संघर्षात मारल्या गेलेल्यांची व बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. त्यांतील बहुसंख्य मूळचे माया लोक होते. डिसेंबर १९८० मध्ये एल साल्वाडोरमध्ये तीन अमेरिकी जोगिणी आणि त्यांच्यासोबत काम करणारी एक सेविका यांची सैनिकांनी हत्या केली. त्यामुळे अमेरिकेतील अनेक मंडळ्यांना हे युद्ध परक्या देशातील बातमीसारखे राहिले नाही. आपल्या ओळखीची माणसे तेथे मारली जात आहेत, हे त्यांना कळत होते.

९/२४
तरीही या देशांतून पळालेल्यांना अमेरिकेत आश्रय मिळणे जवळजवळ अशक्य होते. शीतयुद्धाच्या हिशेबात दोन्ही सरकारे साम्यवादविरोधी होती. साल्वाडोरच्या सैन्याला अमेरिकेची मोठी लष्करी मदत मिळत होती. तेथून आलेल्यांना निर्वासित मानणे म्हणजे आपल्याच मित्राला छळ करणारा ठरवणे. म्हणून ही माणसे गरिबीमुळे आली आहेत, अशी रेगन सरकारची भूमिका राहिली. १९८४ मधील आकडे बोलके आहेत. इराणी अर्जदारांपैकी ६० टक्के, सोव्हिएत आक्रमणातून पळालेल्या अफगाणांपैकी ४० टक्के आणि पोलिश अर्जदारांपैकी ३२ टक्के लोकांना आश्रय मिळाला. साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या लोकांसाठी हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होते.

१०/२४
टूसॉनला या प्रश्नाची पहिली ओळख वाळवंटाने करून दिली. जुलै १९८० मध्ये चोरट्या वाटेने सीमा पार करणाऱ्या साल्वाडोरी लोकांच्या एका गटाला दलालांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात सोडून दिले, आणि त्यांतील तेरा जण उन्हाने व तहानेने मेले. वाचलेल्यांना आधार देण्यासाठी शहरातील चर्चे पुढे आली. सरकार वाचलेल्यांना परत पाठवू पाहत होते. ती माणसे जे सांगत होती, त्याचा आणि सरकारी भूमिकेचा मेळ बसत नव्हता. पुढच्या वर्षी विविध पंथांचे लोक दर आठवड्याला एकत्र जमून मध्य अमेरिकेसाठी जाहीर प्रार्थना करू लागले.

११/२४
मे १९८१ मध्ये या कथेत जिम कॉर्बेट आले. कुमाऊंच्या वाघांच्या शिकारकथांमुळे हे नाव भारतीय वाचकाला परिचित असते. हे कॉर्बेट वेगळे. हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेला, गुरे राखलेला, शेळ्या पाळणारा, संधिवाताने बोटे वाकलेला हा क्वेकर पंथाचा गृहस्थ होता. त्यांच्या एका मित्राने वाटेत गाडीत घेतलेला साल्वाडोरी माणूस सीमा पोलिसांनी पकडून नेला. त्याचे काय झाले, याचा शोध कॉर्बेट यांनी घेतला आणि ते तुरुंगात पोहोचले. तेथे त्यांना आणखी साल्वाडोरी कैदी भेटले. त्यांच्या वतीने कायदेशीर अर्ज करता येतो, असे कळल्यावर ते कोरे अर्ज आणायला गेले. परत येईपर्यंत कैद्यांना दुसरीकडे हलवलेले होते.

१२/२४
आरंभीचा मार्ग पूर्णपणे सनदशीर होता. चर्चांनी जामिनासाठी पैसा उभा केला, काही कुटुंबांनी आपली घरे तारण ठेवली, वकिलांनी आश्रयाचे अर्ज भरले. काही महिन्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली. अर्ज केल्याने परत पाठवणी लांबत होती, पण टळत नव्हती, कारण जवळजवळ प्रत्येक अर्ज फेटाळला जात होता. पैसा संपत होता, पकडलेले वाढत होते. त्याच वेळी कॉर्बेट सीमेपलीकडून माणसे आणू लागले होते. मेक्सिकोतील नोगालेस शहराचे कॅथलिक धर्मगुरू रामोन दागोबेर्तो किन्योनेस तेथील तुरुंगात निर्वासितांना भेटत असत. कॉर्बेट त्यांच्यासोबत तुरुंगात जात आणि लोकांना उत्तरेकडची वाट समजावून देत.

१३/२४
कॉर्बेट यांनी फाइफ यांना मदत मागितली, तेव्हा त्यांनी इतिहासातील दोन दाखले पुढे ठेवले, असे फाइफ यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. पहिला दाखला अमेरिकेतील गुलामगिरीविरोधकांचा. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला मदत करणे हा गुन्हा ठरला होता. तरी क्वेकर आणि इतर ख्रिस्ती कुटुंबांनी अशा लोकांना घरोघर लपवत उत्तरेकडे पोहोचवले. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, ही ‘अनुवाद’ पुस्तकातील आज्ञा त्यांच्या पाठीशी होती. दुसरा दाखला युरोपमधील ज्यूंचा. त्या काळात बहुतेक चर्चे त्यांच्या रक्षणास उभी राहिली नाहीत. १९३९ मध्ये ‘सेंट लुइस’ जहाजावरील नऊशेहून अधिक प्रवाशांना अमेरिकेनेही दार उघडले नव्हते. युरोपात परतलेल्यांपैकी अडीचशेहून अधिक नंतर नाझी संहारात मेले.

१४/२४
फाइफ यांनी होकार दिला आणि निर्वासित चर्चमध्ये झोपू लागले. हे काम गुप्त राहणे शक्य नव्हते. सरकारला सुगावा लागला होता, आणि पकडले गेल्यावर आपण जगाला माणसांची चोरटी वाहतूक करणारी टोळी दिसू, हे मंडळीला उमगले. म्हणून सरकारने उघड करण्यापूर्वी स्वतःच उघड करायचे ठरले. मंडळीने चर्चा आणि प्रार्थना करून गुप्त मतदान घेतले. फार मोठे बहुमत आश्रयाच्या बाजूने पडले. बर्कलीसह इतर काही शहरांतील चर्चांनीही त्याच दिवशी तशीच घोषणा करण्याचे मान्य केले. बर्कलीतील एका लुथरन चर्चने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धावर जाण्यास नकार देणाऱ्या नौसैनिकांना आश्रय देऊ केला होता. त्याचे स्मरण ताजे होते.

१५/२४
काही वर्षांतच शेकडो मंडळ्या या चळवळीत सामील झाल्या. त्यांत प्रेस्बिटेरियन, लुथरन, मेथडिस्ट, कॅथलिक, क्वेकर आणि युनिटेरियन होते. ज्यूंची काही सिनेगॉगही होती. सॅन फ्रान्सिस्कोने १९८५ मध्ये स्वतःला अशा निर्वासितांचे आश्रयनगर घोषित केले. आज अमेरिकी राजकारणात ऐकू येणाऱ्या ‘सँक्चुअरी सिटी’ या शब्दाची मुळे याच काळात आहेत. टूसॉनहून निघालेला निर्वासित एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीकडे जात शिकागो किंवा त्याहूनही पुढे पोहोचे. देशभरच्या समन्वयाचे काम शिकागोतील एका धार्मिक कृतिदलाने हाती घेतले, आणि तेथूनच चळवळीतील सर्वांत खोल मतभेद सुरू झाला.

१६/२४
शिकागोच्या मते खरा रोग अमेरिकेचे युद्धधोरण होते. आश्रय हे त्या धोरणावर बोट ठेवण्याचे साधन आहे. म्हणून ज्यांची कहाणी ते धोरण उघडे पाडू शकते, अशा निर्वासितांना प्राधान्य द्यावे, असे तेथील कार्यकर्त्यांना वाटे. निर्वासित रुमालाने चेहरा झाकून चर्चांमध्ये आपबीती सांगत, ती याच प्रचाराचा भाग होती. टूसॉनला हे पटले नाही. जीव धोक्यात असलेला माणूस सैन्याला भिऊन पळाला की गनिमांना, तो भाषण करू शकतो की नाही, हे पाहून दार उघडायचे नसते, असे कॉर्बेट यांचे म्हणणे होते. सरकार निर्वासितांची निवड परराष्ट्र धोरणाच्या सोयीने करत होते. चर्चनेही उलट्या दिशेने तेच करावे का, हा त्यांचा प्रश्न होता.

१७/२४
याच मंथनातून कॉर्बेट यांची मूळ कल्पना घडली. १९८२ च्या पत्रात मंडळीने कायदा मोडत असल्याचे मान्य केले होते. कॉर्बेट यांनी ते विधान मागे टाकले. सविनय कायदेभंग भारतीय वाचकाला परिचित आहे. मिठाचा कायदा अन्यायी होता, म्हणून गांधीजींनी तो उघडपणे मोडला आणि शिक्षा स्वीकारली. टूसॉनमध्ये परिस्थिती निराळी होती. १९८० चा निर्वासित कायदा चांगला होता. छळाच्या तोंडी कोणाला परत ढकलू नये, हा आंतरराष्ट्रीय नियमही अमेरिकेने मान्य केला होता. त्यांचा भंग सरकार करत होते. अशा वेळी कायदा जिवंत ठेवण्याचे काम समाजाकडे येते, असे कॉर्बेट म्हणत. या कृतीला त्यांनी ‘नागरी पुढाकार’ असे नाव दिले.

१८/२४
या नावामुळे सूट मिळाली नाही, उलट बंधने वाढली. आपण कायदा पाळत आहोत असे म्हणणाऱ्याला तो काटेकोरपणे पाळावा लागतो. म्हणून नागरी पुढाकार अहिंसक आणि सत्यनिष्ठ असावा, तो लपवू नये, त्यात पक्षभेद नसावा, गरजेपुरतीच कृती करावी आणि सरकारशी संवादाचे दार उघडे ठेवावे, अशा अटी कॉर्बेट यांनी मांडल्या. कोणाला सीमा पार करण्यास मदत करायची, हे ठरवताना टूसॉनचे स्वयंसेवक कायद्यातील निर्वासिताची व्याख्याच वापरत. केवळ कामधंद्यासाठी येऊ पाहणारे त्या व्याख्येत बसत नसत. दया अमर्याद असावी असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात मात्र या लोकांना रोज सीमेवर कोणाला तरी नाही म्हणावे लागे.

१९/२४
विरोधकांचा आक्षेपही इथेच होता. निर्वासित कोण, हे ठरवण्याचा अधिकार पाळकाला किंवा शेळ्या पाळणाऱ्या गृहस्थाला कोणी दिला? प्रत्येक मंडळीने आपापल्या विवेकाने सीमा उघडली, तर उद्या वेगळ्या विवेकाची मंडळी वेगळा कायदा धाब्यावर बसवील. अनेक ख्रिस्ती लोकांनी ही चळवळ म्हणजे धर्माच्या आडून चाललेले डावे राजकारण आहे, अशी टीका केली. सरकारी वकिलांचे म्हणणे होते की, आश्रय मागण्याची रीतसर व्यवस्था आहे. ज्याला मागायचा आहे त्याने अधिकाऱ्यांसमोर हजर व्हावे. ज्या व्यवस्थेत शंभरांतील सत्त्याण्णव अर्ज फेटाळले जातात, तिच्यासमोर हजर होणे म्हणजे काय, हे मात्र त्यात येत नव्हते.

२०/२४
सरकारने या चळवळीत पगारी खबरे पाठवले. अंगावर ध्वनिमुद्रक लपवून ते चर्चमधील बैठकांना, इतकेच नव्हे तर शास्त्रवाचनाच्या वर्गांनाही बसले. जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत फाइफ आणि कॉर्बेट होते, कॅथलिक धर्मगुरू होते, आणि सिस्टर डार्लिन निकगोर्स्की होत्या. त्या ग्वाटेमालात ज्या ठिकाणी काम करत होत्या, तेथील धर्मगुरूची १९८१ मध्ये हत्या झाली होती. मेक्सिकोचे नागरिक असलेले किन्योनेस खटल्याला सामोरे जाण्यासाठी स्वेच्छेने सीमा ओलांडून आले. प्रार्थनास्थळांत हेरगिरी केल्याबद्दल ॲरिझोनातील काही चर्चांनी उलट सरकारवरच दावा लावला. चर्चांना असा दावा करण्याचा अधिकार आहे, असे अपील न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवले.

२१/२४
अकरा जणांवरील खटला टूसॉनमध्ये सुमारे सहा महिने चालला. न्यायमूर्ती अर्ल कॅरॉल यांनी बचाव पक्षाला चार गोष्टींवर पुरावा देण्यास मनाई केली: मध्य अमेरिकेतील परिस्थिती, आंतरराष्ट्रीय कायदा, निर्वासित कायदा आणि आरोपींची धर्मश्रद्धा. आरोपींनी काय केले, एवढेच ज्यूरीने पाहायचे होते. का केले, हे नव्हे. कायदा कोणी मोडला, हा प्रश्न न्यायालयात विचारताच आला नाही. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. १ मे १९८६ रोजी फाइफ, किन्योनेस आणि निकगोर्स्की यांच्यासह आठ जण दोषी ठरले. कॉर्बेट आणि आणखी दोघे सुटले. दोषींना तुरुंगवास न देता प्रोबेशनवर सोडण्यात आले. अपिलातही शिक्षा कायम राहिल्या.

२२/२४
मात्र मे १९८५ मध्ये धार्मिक आणि निर्वासित संघटनांनी दुसऱ्या न्यायालयात सरकारवरच खटला भरला होता. ‘अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस’च्या नावाने ओळखला जाणारा हा खटला १९९१ च्या जानेवारीत तडजोडीने संपला. सरकारने मान्य केले की, एखाद्याची छळाची भीती सबळ आहे की नाही हे ठरवताना परराष्ट्र धोरण किंवा सीमाबंदीची सोय पाहता येणार नाही. ज्यांना पूर्वी नाकारले होते, त्यांच्यासह लाखाहून अधिक साल्वाडोरी व ग्वाटेमाली लोकांना आश्रयासाठी नव्याने सुनावणी मिळण्याचा हक्क मिळाला. १९९० च्या स्थलांतर कायद्याने साल्वाडोरी लोकांना तात्पुरते संरक्षणही दिले. टूसॉनच्या न्यायालयात जे मांडू दिले नाही, त्यातील बराच भाग सरकारने कागदावर लिहून दिला होता.

२३/२४
निर्वासित जे सांगत होते, त्याला पुढे इतिहासानेही दुजोरा दिला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये एल साल्वाडोरविषयी अहवाल दिला. आयोगाकडे आलेल्या बावीस हजारांहून अधिक तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्क्यांत आरोप सरकारी यंत्रणा, तिच्याशी जोडलेले निमलष्करी गट आणि मारेकरी टोळ्या यांच्यावर होता. ग्वाटेमालाच्या आयोगाने १९९९ मध्ये ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी पक्षावर टाकली. फाइफ १९९२ मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेचे मॉडरेटर निवडले गेले. कॉर्बेट २००१ मध्ये वारले. रोमेरो यांना २०१८ मध्ये संतपद मिळाले. ज्यांना परत पाठवले गेले, त्यांपैकी किती जण जगले, याचा हिशेब या अहवालांच्या टक्केवारीत सापडत नाही.

२४/२४
वाद मिटलेला नाही. अमेरिका आणि मेक्सिकोच्या कॅथलिक बिशपांनी २००३ मध्ये संयुक्त पत्रात माणसाचा स्थलांतराचा हक्क आणि राष्ट्राचा सीमानियमनाचा हक्क, दोन्ही मान्य केले. चर्च, शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी अटक करण्यावर मर्यादा घालणारे धोरण अमेरिकी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केले. त्याच सुमारास उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हॅन्स यांनी प्रेमाच्या क्रमाची जुनी ख्रिस्ती संकल्पना पुढे केली: आधी आपले कुटुंब, मग शेजारी, मग देश, मग जग. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी बिशपांना पत्र लिहिले आणि त्या क्रमाचा अर्थ दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात शोधण्यास सांगितले. त्या दाखल्यात वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला टाळून दोघे निघून जातात आणि परका समजला जाणारा शोमरोनी थांबतो. टूसॉनच्या मंडळीने त्या थांबण्यात एका गोष्टीची भर घातली: घायाळाची जखम बांधून झाल्यावर, ती वाट सुरक्षित ठेवण्याचे वचन कोणी दिले होते, हेही विचारायचे.